घसा बसल्यानंतरचा अल्बम

तिसऱ्या अल्बमची तयारी सुरू झाली आणि माझा आवाज गेला. एकदम गेला नाही. आधी सकाळी खरखर, मग वर्गात तिसऱ्या तासाला नुसती हवा. मी घाटनांदूरच्या शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी एका हेवी मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणजे घशाच्या तळापासून गुरगुरायचो, किंचाळायचो. आमचे पहिले दोन अल्बम याच आवाजावर उभे होते.

दोन महिने मी हळद-दूध पीत राहिलो आणि कुणाला काही बोललो नाही. मनात नको तो आजार येऊन बसला होता. शेवटी अंबाजोगाईला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन बारक्या गाठी होत्या, जात्याच्या खुंट्यानं हाताला घट्टे पडावेत तशा.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण हे किंचाळणं बंद. आणि तीन आठवडे एक शब्दही बोलायचं नाही."

पहिलं वाक्य ऐकून मी खुर्चीत सैल झालो. दुसरं बसमध्ये बसल्यावर कळलं. आता मित्रांना सांगायचं कसं?

आम्ही चौसाळ्याला, ड्रमरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सराव करायचो. त्याच्या घरी मेंढरं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं चारी भिंतींना जुनी घोंगडी ठोकली होती, तरी आमचं सुरू झालं की वाड्यातली मेंढरं बिथरायची आणि त्याचे वडील काठी घेऊन त्यांच्या मागं धावायचे.

रविवारी तिथं गेलो आणि वहीत सगळं लिहून समोर धरलं. बोलायची बंदी होती. गिटारवाल्यानं मोठ्यानं वाचलं.

ड्रमर म्हणाला, "दोन महिने झाले म्हणतोस. मग सांगितलं का न्हाईस?"

मी लिहिलं, 'तुम्ही दुसरा गायक बघाल असं वाटलं.'

बेस वाजवणारा वायर गुंडाळायला लागला. गिटारवाल्यानं वही मिटली, गिटार पिशवीत घातली आणि निघून गेला. आमचा तो भारी, फाटका आवाज त्यानंच गिटार आणि पायाखालच्या पेडलांवर घडवला होता. पुढचे बारा दिवस त्यानं माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. मी शाळेतून रजा घेऊन घरात मुका बसून होतो. बँड संपला असंच धरून चाललो होतो.

तेराव्या दिवशी तो दारात आला. सोबत गिटार होती, पण नेहमीची पेडलं नव्हती.

"ऐक," म्हणाला आणि आमचंच एक जुनं गाणं संथ, स्वच्छ वाजवलं. मध्ये दोनदा चुकला. "हाय का न्हाई गंमत? इतकी वर्षं त्या गोंगाटामागं लपलतो मी. चुकलो तरी कुणाला कळत नव्हतं. तुझी वही वाचून पहिली भीती हीच वाटली, की आता माझं वाजवणं ऐकू येणार. म्हणून गेलतो निघून."

मी वही ओढली आणि लिहिलं, 'माझेही शब्द कुणाला कळत नव्हते. बरंच होतं.' तो खूप हसला. मला हसायचीही परवानगी नव्हती.

तीन आठवड्यांनी मी साध्या, खालच्या पट्टीत गायला लागलो. नव्या अल्बमसाठी आधी लिहिलेले शब्द ऐकू आल्यावर इतके पोकळ वाटले, की सगळे नव्यानं लिहिले. ड्रमर काठ्या ठेवून बारीक तारांच्या मऊ ब्रशनं वाजवायला शिकला. एक दिवस त्याचे वडील दारात येऊन उभे राहिले. आम्ही थांबलो.

"वाजवा की," ते म्हणाले. "जनावरं गप हायत, म्हणून बगाय आलो, आज आलाव का न्हाई ते."

अल्बम इंटरनेटवर टाकला तेव्हा शिव्या आल्याच. विकले गेलात, म्हातारे झालात. महिन्याभरानं एका रविवारी बीडला एका हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम होता. पुढच्या रांगांत काळे टी-शर्ट घातलेली पोरं. नवी पाच गाणी त्यांनी शांत ऐकली, मग एक जण उठून म्हणाला, "सर, जुनं एक व्हऊ द्या."

मी खरं सांगितलं. घशात गाठी होत्या, आता मला ते जमणार नाही.

 मग तोच म्हणाला, "तुमी नुसतं वाजवा. आमी वरडतो."

गिटारवाल्यानं जुना सूर धरला आणि सगळा हॉल गुरगुरायला लागला. मला कधीच नीट ऐकू न आलेले माझे शब्द त्यांना पाठ होते. मी माईक त्यांच्याकडे वळवला आणि स्टेजच्या कडेला बसून पाणी प्यायलो. कितीतरी महिन्यांनी खांदे सैल झाले होते. त्या पोरांचे घसे दुसऱ्या दिवशी नक्की बसले असणार. मी सोमवारी चार तास शिकवले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे.