डेअरीचा सर्व्हर उठेना

गेटवर दुधाचे टँकर उभे आणि माझ्यासमोर स्क्रीनवर एकच ओळ : बूट डिव्हाइस सापडत नाही. म्हणजे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, तेच सर्व्हरला कळत नव्हतं. कसबा बावड्याजवळची डेअरी, भर उन्हाळ्याची दुपार. टँकरचं वजन आणि दुधाचं फॅट सर्व्हरवर चढल्याशिवाय प्लँटचा वॉल्व्ह उघडत नाही. दूध तापलं की आंबणार, आणि गावागावांतल्या बायकांनी पहाटे काढलेल्या धारा नाल्यात जाणार.

डेअरीचे कॉम्प्युटर मी सांभाळते. जुन्या सर्व्हरची डिस्क मरायला टेकली होती, म्हणून सकाळी मी तिचा क्लोन केला. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल. जुनी डिस्क टेबलावर ठेवली, नवी नव्या मशीनमध्ये घातली आणि जेवायला गेले. परत येते तो मशीनला झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ. मॅनेजर अण्णांनी पूजा उरकली होती. आमच्याकडं ट्रॅक्टरपासून झेरॉक्सपर्यंत काहीही पूजेशिवाय सुरू होत नाही. मी खोबरं खाल्लं आणि बटण दाबलं, तर ही ओळ.

पहिलं कारण लवकर सापडलं. जुनं मशीन लेगसी नावाच्या जुन्या पद्धतीनं उठायचं, नवं यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीनं उठू बघत होतं. सेटिंग बदललं. थोडं पुढं गेलं आणि पुन्हा अडकलं. नव्या मशीनला डिस्क वाचायला जो ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो, तो क्लोनमध्ये नव्हताच. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून तोही घातला. तोवर अण्णा दारात.

“मॅडम, टँकरवाले हॉर्न मारायला लागल्यात. हुतंय का न्हाय ते सांगा.”

“होणार. करूनच उठणार. तुम्ही दारातनं सरका, वारा येऊ दे.”

पुन्हा सुरू केलं. लॉगिनच्या तोंडाशी येऊन गाडी रुतली. स्क्रीनवर डिस्क वाचता येत नसल्याच्या एररची रांग. माझं डोकंच फिरलं. कोरी करकरीत डिस्क, खराब कशी असेल? असल्या एरर मी सकाळीच बघितल्या होत्या, जुन्या डिस्कवर. मी टेबलाकडं बघितलं. टेबल रिकामं.

मशीन बंद केलं, उघडलं, तर आतल्या खालच्या खणात जुनी डिस्क. ती ओढली. तिच्यावर हळदीकुंकू.

“अण्णा, ही आत कुणी घातली?”

“मीच की. एवढी वर्सं हिनं डेअरी सांभाळली. नवी आली म्हणून जुनीला भाईर काढायची व्हय?”

मी कपाळावर हात मारला. डिस्कच्या प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाची ओळख असते. क्लोन करताना तीही जशीच्या तशी उतरते. सुरू होताना मशीन त्या ओळखीवरून डिस्क शोधतं. त्याला एकाच ओळखीच्या दोन सापडल्या, आणि त्यानं नेमकी मरणारी धरली. अण्णांना एवढंच सांगितलं, की एका घरात दोन मालकिणी झाल्या.

जुनी बाहेर ठेवून बटण दाबलं. लॉगिन आलं. पहिल्या टँकरचं वजन चढलं, वॉल्व्ह उघडला. शेवटच्या टँकरचा नमुना लॅबवाल्या बाईंनी दोनदा तपासला आणि म्हणाल्या, “चालतंय, उतरवा दूध.” अण्णा जे खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

क्लोन झाला की मूळ डिस्क मशीनच्या आसपास ठेवू नये. अण्णांच्या केबिनमध्ये ती आता देवांच्या फोटोखाली असते, दसऱ्याला तिची पूजाही होते. सर्व्हररूमला मी कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडं.