शेततळ्यातलं मैदान

मुलगी पुण्याहून कायनेसिऑलॉजीची पदवी घेऊन आली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हंजे डॉक्टरीण झाली का?"

"नाही. माणसाचं शरीर हालतं कसं, ते शिकलीय."

"आन् ते शिकावं लागतं?" म्हणत त्या निघून गेल्या.

मी तिला घेऊन नगरला फिरले. दवाखान्याला फिजिओथेरपीवाली हवी होती, शाळेला बीपीएड झालेली. केडगावच्या एका जिममध्ये घेत होते, पण प्रोटीन पावडरचे डबे खपवायची अट होती. तिने तिथल्या तिथे नकार दिला. परतताना मी बजावलं, "दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव."

राहिली आमच्या पारनेरजवळची भरती अकॅडमी. पोलिसात किंवा सैन्यात जायचं म्हणून पोरं-पोरी तिथे वर्षवर्ष पळतात. ती चालवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे फौजी म्हणतात. त्यांनी मुलीला पोरींच्या मैदानावर महिनाभर घ्यायचं कबूल केलं. "जमलं तर ठेवतो, न्हाईतर राम राम."

पहिल्याच आठवड्यात तिने त्यांची सगळ्यात जोरात पळणारी पोरगी थांबवली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली होती आणि पोरीची नडगी दुखत होती. रोज डांबरी रस्त्यावर पळून हाडाला मार बसतोय, असं मुलीचं म्हणणं. फौजी तडक घरी आले.

"ताई, तुमच्या पोरीला समजावा. नडगी समद्यांचीच दुखती. आमी काय कमी पळालो?"

ते गेल्यावर मीही तिला झापलं. "नोकरी लागायच्या आधीच घालवतेस का?"

"आई, हे सांगायचं नाही तर मी शिकले कशाला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मला आपलं शेततळं दे."

हाडाच्या डॉक्टरांनी पोरीच्या नडगीचा एक्स-रे काढून बघितला होता. हाड शाबूत होतं, पण पायावर भार नको होता. दम तर टिकवायचा होता, म्हणून पोरीला पाण्यात पळवायचं. मी आधी साफ नाही म्हटलं. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही, पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. शेवटी दोराची शिडी सोडली, पोहायला शिकवताना बांधतात तसा पोरीच्या पाठीला डबा बांधला आणि कमरेचा दोर धरून मी स्वतः काठावर बसले.

बघायला माणसं जमली.

"पान्यात पळून पोलीस व्हनार व्हय?"

"चोर पवत गेला तर धरील की!"

"दादा, तुमीच चोरी करून बघा," पोरगी पाण्यातून म्हणाली. पाय थांबवले नाहीत.

दुखणं थांबल्यावर मुलीने तिला मातीवर सावकाश पळवलं. फौजी रोज येऊन बघून जायचे.

चाचणीला मुलगी आणि फौजी पोरीबरोबर गेले. माझी कांद्याची लागण चालू होती. संध्याकाळी दोघं घरी आले. पोरगी आठशे मीटर वेळेत पळाली होती, पूर्वीपेक्षा थोडी हळूच. निवडीचं लेखी परीक्षेनंतर कळणार होतं.

"रस्त्यावर पळवली असती तर अजून जोरात पळाली असती," फौजी म्हणाले.

"चाचणीपर्यंत पोचली असती का?" मुलीने विचारलं.

त्यांनी चहा संपवला. "उद्यापासून पोरींचं मैदान तुझ्याकडं. डांबर बंद, मातीवर पळीव. पन माझ्या पोरांना पान्यात घालायचं न्हाई."

"पगार पोरांच्या मास्तरांएवढाच ना?" मी विचारलं.

"तेवढाच," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडून अकॅडमीच्या सामानाच्या खोलीची किल्ली तेव्हाच मागून घेतली.