पुलाजवळचे खडे

मला चालायचा मनस्वी कंटाळा. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आमच्या घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर आहे, तरी मी गाडी काढते आणि त्याची मला लाजही वाटत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये लेकीचा मिल्टन कीन्सहून फोन आला, "आई, स्पेनमध्ये एक वॉक आहे, यात्रेचा. मला जायचंय. तू येशील?" तेव्हा मी ताबडतोब हो म्हटलं, हे ऐकून माझ्या मैत्रिणींनी माझा ताप बघायचा बाकी ठेवला.

कारण साधं होतं. हिवाळ्यात तिचं बाळ गेलं. सातवा महिना होता. मी धावत गेले, तीन आठवडे राहिले, सवयीने डिंकाचे लाडूसुद्धा वळले, आणि मग वळलेले लाडू बघून स्वयंपाकघरातच रडले. तेवढ्या दिवसांत ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. जावई ऑफिसला जायचा, यायचा, चहा करायचा. मुलगा होता की मुलगी, हेही मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. ही पोरगी अशीच मिटत गेली तर तीही माझ्या हातून जाईल, अशी धास्ती मला बसली होती. चालता चालता बोलेल, या एका आशेवर मी बूट विकत घेतले.

वाट उत्तर स्पेनमधली. जुन्या काळी इंग्लंडचे यात्रेकरू जहाजाने तिथे उतरून चालू लागायचे, म्हणून तिला इंग्लिश वाटच म्हणतात. वसंत होता. झुडपं पिवळीधमक फुललेली, कुरणात वासरं. पण गावांत माणूस म्हणून दिसायचा नाही. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, साखळीला बांधलेलं कुत्रंही नुसतं बघायचं, भुंकायचं नाही. घराघरापुढे दगडी पायांवर उभं केलेलं एक लांबट खोकं, वर क्रूस. मला वाटलं, थडगीच ही, आणि तीही दारात! नंतर कळलं की मका साठवायची कोठारं आहेत. कळलं तरी त्यांच्याजवळून जाताना मी मनात राम राम म्हणत असे. आणि निलगिरीची रानं! दिवसाउजेडी आत अंधार, सगळीकडे सर्दी झालेल्या घरासारखा वास, आणि वारा नसतानाही खोडं कण्हल्यासारखी करकरायची.

लेक कायम पुढे. माझे गुडघे बोलतात, ती बोलत नाही, असा आमचा प्रवास. पुढच्या वळणावर थांबायची, "पाणी पी" म्हणायची आणि पुन्हा चालू लागायची.

तिसऱ्या दिवशी एक ओढा लागला. त्यावर लहानसा पूल, पुलाशी वाट दाखवणारा दगडी खांब, त्यावर या यात्रेची शिंपल्याची खूण. आणि खांबाच्या डोक्यावर खडे ठेवलेले. अगं बाई, काय खडे होते! गोल, गुळगुळीत, हातात घेतल्यावर गार.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. भाद्रपदात पाणवठ्यावरून पाच खडे उचलायचे, तोंडातून शब्द न काढता घरी आणायचे, हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत घ्यायचे. लेक माहेरी आली की तिला घ्यावं तसे. आमच्या हॅम्पशायर परगण्यात बघाल तिथे गारगोटी, धारदार, बोट कापेल अशी. एका वर्षी तर मी गार्डन सेंटरमधून शोभेच्या खड्यांची पिशवी आणली होती. देवीने ते कसं गोड मानून घेतलं, तिचं तिला ठाऊक. म्हणून इथे पाण्याकाठी असे खडे आयते मिळाल्यावर मी मागचापुढचा विचार केला नाही. भाद्रपद लांब होता, पण परदेशात आपणच आपले शास्त्री. लेक दिसेनाशी झाली होती. मी मुकाट्याने पाच निवडले, त्यात एक पांढरा, अगदी छोटा, आणि पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकले.

त्या दुपारपासून ती माझ्या बरोबरीने चालू लागली. आधी मला बरं वाटलं. म्हटलं, आईची काळजी वाटली असेल. मग रानात शिरल्यावर ती थबकली. "आई, तू ऐकलंस?"

"काय?"

"कोणीतरी येतंय."

मी थांबले. काही नाही. चालू लागलो, आणि मग मलाही ऐकू आलं. टिक. टिक टिक. बारीक आवाज, माझ्या पाठीमागून. थांबलो की थांबायचा. माझ्या काठीचा असेल म्हणून मी काठी उचलून धरली. टिक टिक. लेक पांढरीफटक पडली होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि आम्ही दोघी जवळजवळ पळत त्या रानातून बाहेर पडलो. आवाजही आमच्याबरोबर पळाला.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पोचलो. दार उघडणाऱ्या म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. मी दोन दाखवली. तिने पुन्हा मागे पाहिलं, खांदे उडवले आणि आत गेली. खोलीत तीन खाटा होत्या, तिन्हींवर उशा. लेकीने दार लावलं नाही. उघडंच ठेवून खाटेवर बसली, दाराकडे बघत.

"दार लाव की गं, गारठा येतोय."

"ती बाहेर राहील ना मग," ती म्हणाली.

"कोण?"

आणि मग ती बोलली. निम्मं इंग्लिश, निम्मं तिचं ते मोडकंतोडकं मराठी. हॉस्पिटलच्या दाराबाहेर झाडांच्या वाफ्यात खडे होते. घरी निघताना रिकाम्या हातांनी गाडीत बसवेना, म्हणून तिने एक उचलला. तेव्हापासून तो तिच्या खिशात होता. या वाटेवर लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी दगड ठेवतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. त्यासाठीच आली होती. "आज ठेवला, आई. त्या ब्रिजपाशी. नीट ठेवला. बाय म्हटलं तिला. तरी ती मागे येतेय. व्हाय इज शी स्टिल कमिंग? मी चुकीचं केलं का?"

माझ्या कर्माची काय तऱ्हा सांगू! ज्या खांबाला मी बाजारातली भाजी निवडावी तसे हात लावले, तिथे लोकांनी आपली माणसं ठेवली होती. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, सकाळी कुठेतरी टाकून द्यावेत, हिला कळायचंही नाही. पण दाराकडे लागलेले तिचे डोळे मला बघवेनात. मी उठले, पिशवी उचलली. कप्प्यात खडे एकमेकांवर आपटले. टिक. तिने मान वळवली.

पाचही मी तिच्यासमोर चादरीवर ठेवले. तिने पांढऱ्यावर बोट ठेवलं. चेहरा असा झाला की आता ही मला मारते की काय, असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हटलं. "देवाशपथ माहीत नव्हतं. पाण्याकाठी होते, मला वाटलं..."

"गौरी?"

लहानपणी तोंड मिटून ताम्हन धरायची तीच. हसू आवरायचं नाही तिला.

"हो. गौरी."

ती त्या खड्याकडे बघत राहिली. बाहेर म्हातारी भांडी आवरत होती. तिने तीन बोटं का दाखवली, ते मला आजही कळलेलं नाही.

"म्हणजे तू तिला घरी नेत होतीस," लेक म्हणाली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. उठून तिने दार लावलं, परत आली, पांढरा खडा मुठीत घेतला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

"तिला केस होते, आई," ती म्हणाली. "खूप केस होते."