हिरव्या काठाचा पाना

आधीच सांगतो, मी सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जुनं लोखंड घ्यायचं, चालू करायचं आणि विकायचं, यात माझं आयुष्य गेलं. समोरचा 'मशीन एकदम चालू हालतीत हाय' म्हणाला, की मी आधी हँडल मारून बघतो. आमच्या भागात भानामतीच्या नावाखाली चालणारे प्रकार मी पाहिलेत, आणि दोनदा तर भर अंगणात उभा राहून मांत्रिकाशी भांडलोही आहे. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो...

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाच्या दुष्काळातली ही गोष्ट. अहमदपूरहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं घर. घरामागचं मुरमाड रान कुणी फुकट घेत नव्हतं, ते मी घासाघीस करून घेतलं होतं आणि त्यात मोसंबीची तीस झाडं स्वतःच्या हातानं लावली होती. त्या साली पहिल्यांदा फळ धरायचं होतं. विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं, पण लाईट नावालाच यायची. मोसंबीची पानं आधी फक्त दुपारी सुरळी व्हायची. मग ती संध्याकाळीही उलगडेनात.

नव्या जिल्ह्यामुळे सरकारी सामान इकडून तिकडे हलत होतं. त्यात एका बंद पडलेल्या रोपवाटिकेतला बागेचा छोटा ट्रॅक्टर लिलावात निघाला. कमरेएवढा, रॉकेलवर चालणारा, सीटवर चिमण्यांनी घरटं केलेलं. पण त्याच्या कुशीला पट्टा चढवायची पुली होती, आणि मला तेवढीच दिसली. हा चालू झाला तर पुलीवर पंप फिरेल आणि झाडं जगतील. हुज्जत घालून, दोनदा उठून जायचं नाटक करून, मी तो पदरात पाडून घेतला.

ते उठून जायचं नाटक लक्षात ठेवा.

बारा वर्षं मी लोह्याला गफूर उस्तादांच्या हाताखाली इंजिनं उघडली. आमच्यात एक रिवाज होता. शागीर्द तयार झाला, की उस्ताद चार लोकांसमोर स्वतःच्या हातानं त्याला एक पाना द्यायचे आणि पेढा भरवायचे. त्यानंतर तो मेकॅनिक. मी बारा वर्षं वाट पाहिली. आणि एका शुक्रवारी उस्तादांनी पाना दिला तो जावयाला — तीन वर्षांत शिकलेल्या जावयाला! माझं टाळकं सरकलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुमचं हुनर तुमच्यासंगं मातीत जाऊ द्या." आणि उठून चालायला लागलो.

खरं सांगू? मला वाटलं होतं हाक येईल. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार हाक मारतोच. मी कोपऱ्यापर्यंत मुद्दाम सावकाश चाललो. हाक आली नाही. त्यानंतर आठ वर्षं मी लोह्याच्या स्टँडवर उतरलोसुद्धा नाही.

असो. ट्रॅक्टर कडुलिंबाच्या सावलीत लावला आणि उघडला. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो साफ केला, प्लग घासला, कार्बोरेटरच्या जाळीतला गाळ काढला. ठिणगी छान पडत होती. पण हँडल मारलं की इंजिन नुसतं उसासा टाकायचं. उन्हानं पाना इतका पोळायचा की धरवत नसे, म्हणून शेवंतानं — माझ्या बायकोनं — आपल्या फाटक्या लुगड्याचा हिरवा काठ त्याच्या दांड्याला गुंडाळून शिवून दिला होता. आठवडाभर माझ्या हाताला तोच हिरवा काठ. मी इंजिनाला शिव्या द्यायचो, ती घरातून म्हणायची, "त्याला काय कळतंय? अन् कळलं तर आनखीच रुसंल."

त्या गुरुवारी शेवंता टँकरच्या रांगेत गेली होती. उन्हानं सगळं पांढरं पडलेलं, रस्त्यावर एक चिटपाखरू नाही. मी लिंबाखाली बाजेवर आडवा झालो. डोळा लागला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बाज अंगाखाली टोचत होती, लिंबाचा मोहर तोंडावर गळत होता, इतपत सगळं कळत होतं.

...टुक, टुक असा आवाज आला. नटावर पाना बसवताना होतो तसा, अगदी सावकाश.

ट्रॅक्टरपाशी उस्ताद बसले होते. मळका कुर्ता, एक गुडघा जमिनीला टेकवलेला, नेहमीसारखेच. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. जणू ते रोजच येत होते आणि मीच बघत नव्हतो. उन्हात त्यांच्या कडा थोड्या हलत होत्या, डांबरी रस्त्यावर दूरची माणसं हलतात तशा. त्यांनी इंजिनाच्या हेडवर तळवा ठेवला, दुखणाऱ्या पोटावर ठेवावा तसा. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पानी पिलाया क्या?"

त्यांनी पुन्हा म्हटलं, "पानी बोलता है रे. तू सुनता नहीं."

मग उठले आणि जुन्या सवयीनं हातातला पाना — माझा, हिरव्या काठाचा — कुर्त्याच्या खिशात टाकला. मला ओरडायचं होतं, उस्ताद, माझा पाना! आठ वर्षांनी पहिला शब्द बोलायचा, तोही तक्रारीचा. पण तोंडातून आवाज निघेना. ते मोसंबीच्या झाडांमधून चालत गेले. जाता जाता एका झाडाचं सुरळी झालेलं पान त्यांनी दोन बोटांनी उलगडून बघितलं.

शेवंताच्या घागरीचा आवाज झाला तेव्हा मी उठलो. स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं. पण रेडिएटरचं झाकण काढलेलं होतं आणि सीटवर उलटं ठेवलेलं होतं. ही खास उस्तादांची पद्धत. झाकण सीटवर असलं की पाणी भरल्याशिवाय कुणी बसणार नाही. मी ते झाकण काढलं नव्हतं. काढायचं कारणच नव्हतं — मी रेडिएटरमध्ये पाणी घातलंच नव्हतं. माणसांना पाणी नाही, तर चालू न होणाऱ्या लोखंडाला कशाला? आधी चालू होऊ दे, मग घालू. उस्तादांचा पहिला धडा होता, उघडलेल्या इंजिनाला आधी पाणी, मग बाकी सगळं. मी दुष्काळाशी घासाघीस करायला गेलो आणि तो धडा गाळला.

शेवंताला मी सगळं सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, एक घागर लागेल. तीन तास उन्हात उभी राहून आणलेलं पाणी होतं ते. मग तिनं स्वतःच घागर उचलली आणि रेडिएटरमध्ये ओतली. म्हणाली, "आता सुरू न्हाई झाला तर तुमालाच जुंपीन ह्याच्या जागी."

मी हँडल फिरवलं. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे आले. एक, मग दुसरा, मग ओळीनं... पाणी बोलत होतं. हेडखालचं तांब्याचं पॅकिंग गळत होतं आणि इंजिनाचा सगळा दम पाण्यात जात होता. कोरडं ठेवलं म्हणून मला ते आठवडाभर दिसलंच नव्हतं.

हेड खोलायला पाना शोधला, तर तो नव्हता. बाजेखाली नाही, पेटीत नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही. मी शेजारच्यांवर संशय घेतला, रस्त्यावरून गेलेल्या भंगारवाल्याला गाठून त्याची गाठोडी उलटी केली. शेवटी शेजाऱ्याचाच पाना मागून आणला. पॅकिंग चुलीत लाल केलं, राहिलेल्या पाण्यात बुडवून मऊ केलं, बसवलं आणि नट तिरपे-तिरपे आवळले. शुक्रवारी दुपारी चौथ्या हँडलला ट्रॅक्टर शिंकला आणि चालू झाला. संध्याकाळपर्यंत पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलं. शेवंता बांधावर बसून नुसती ऐकत होती.

त्या रात्री जेवताना मी तिला स्वप्नाचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन या. भांडायला गेलात तरी चालंल, पन जावा."

शनिवारी लोह्याला गेलो. गॅरेजला कुलूप होतं. घराचं दार उस्तादांच्या लेकीनं, नसीमनं उघडलं. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. म्हणाली, "बहोत देर की, भाई." जावई कामाला परगावी गेला होता. आणि उस्ताद चार महिन्यांपासून खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. कूस बदलायलाही लेक लागायची.

मी खाटेपाशी बसलो. तेवढ्यात नसीम म्हणाली, "भाई, एक दाखवू? गुरुवारी अब्बांची चादर झाडली, तर हे निघालं. कुठून आलं, कुणाला म्हाईत न्हाई. हात लावू देत न्हाईत." आणि तिनं उशी जराशी उचलली.

हिरवा काठ. शेवंताचे मोठे, वाकडे टाके.

गुरुवारी कुणी आलं होतं का? मी तिला उलटसुलट विचारलं, चोराला विचारतात तसं. कुणी आलं नव्हतं. गेल्या चार महिन्यांत घरात बायका आणि डॉक्टर सोडून कुणाचं पाऊल नव्हतं.

मग तिनं आणखी एक सांगितलं, मी विचारलं नसताना. "तुम्ही उठून गेलात त्या शुक्रवारी अब्बांनी पेढ्यांचे दोन पुडे आणले होते. तुमचा तसाच घरी परत आला. अम्मी म्हणाली, बुला लो उसको. तर म्हणाले, जो उठून भाव करतोय त्याला काय हाक मारायची? यायचं तर येईल."

उस्तादांनी डाव्या हातानं पाना उचलला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी दुसरं टोक पकडलं, पण त्यांनी सोडलं नाही. मीही ओढलं नाही. मग त्यांची बोटं सुटली. पेढे घरात नव्हते. नसीमनं चिमूटभर साखर आणून त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवली, आणि तो तळवा मी तोंडाला लावला.

उस्ताद पुढे वर्षभर होते. मी दर शनिवारी जायचो. त्या गुरुवारबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि ते सांगूही शकत नव्हते. झाकण मीच झोपेत काढलं असेल, हे मी मान्य करतो. बुडबुड्यांचं मला आतून माहीत असेल, तेही मान्य. पण लिंबाखालचा पाना लोह्यात उशीखाली कसा गेला, यावर गेली कित्येक वर्षं मी स्वतःशीच हुज्जत घालतोय. कुठलाच भाव पटत नाही.

पाना माझाच होता, माझ्याच पेटीतला. पण मला कुणी विचारलं तर मी सांगतो, उस्तादांनी दिलाय.