जुबेदाचाचीची गोळी

किस्से शोधायला जावं लागत नाही. जाळ्यात नको असताना खेकडे येतात ना, तसे येतात. आणि सोडवायला गेलं की चावतात!

मी हर्णेजवळच्या एका दवाखान्यात समुपदेशक. गर्द सोडायची गोळी डॉक्टर देतात. पण संध्याकाळी बसायचं कुठं, बोलायचं कुणाशी? म्हणून गर्द सोडलेल्यांचा आमचा गट किनाऱ्यावर, जाळी शिवायच्या शेडमध्ये जमतो. पेशंटला तिथवर पोचवणं, हे माझं खरं काम.

*

इक्बाल खलाशी. गर्दापायी बोटीवरचं काम गेलं. त्याला परत बोटीवर जायचं होतं, दुसरं काही नको. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "गोळी जिभेखाली धर. विरघळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

त्याची आई जुबेदाचाची मासळी विकते. ती लगेच म्हणाली, "मॅडम, एक गोळी याच्या अब्बाला पण द्या!"

*

गावातले एक पुढारी आले. "बाई, गर्दुल्ले किनाऱ्यावर नकोत. गावाची बदनामी होते. लांब कुठंतरी बसवा."

"बसवते की! तुमच्या ओटीवर चालेल?"

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप! आम्ही बाहेर वाटेवरच बसलो. येणारा-जाणारा विचारायचा, आम्ही सगळं सांगायचो, कुलूप कुणी लावलं तेसुद्धा. आठवड्याच्या आत कुलूप निघालं.

*

आमच्या गटातला सर्वांत जुना सदूदादा. इक्बालला तलफ आली की तो सदूदादाला फोन करायचा. दादा उपदेश करत नाही. एवढंच म्हणतो, "ये. कोळंबी सोलायला माणूस हवाय."

दादाच्या घरच्या वहिनी मला म्हणाल्या, "अजून दोघा-तिघांना तलफ येऊ दे गो, माझं काम आटपेल!"

*

मध्ये एकदा इक्बाल घसरला. स्वतःची बोट असलेला रघू तांडेल शेडच्या दारात येऊन हसला, "बोललो होतो ना, हा सुधारायचा नाय!"

सदूदादा सुई खाली न ठेवता म्हणाला, "तुझी बोट खडकाला लागली होती, तेव्हा तू काय भाजी विकायला बसलास?"

*

इक्बाल सावरला. रघूच्या बोटीवर खलाशी कमी होता, म्हणून विचारायला गेला. रघू चारचौघांत म्हणाला, "गोळीवर जगणारा माणूस माझ्या बोटीवर नको." स्वतः रोज बीपीची गोळी घेतो मेला! इतका संताप आला होता मला. इक्बाल मान खाली घालून परत आला. चाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि टोपली उचलली.

त्या संध्याकाळी लिलावात रघूची ताजी सुरमई वाळूवर पडली. पुकारणारा ओरडतोय, ओरडतोय, बोली नाही! साऱ्या कोळणी, चाच्या ओठ मिटून उभ्या. बर्फ वितळायला लागला.

"अगो, झालं काय तुम्हाला?" रघू कळवळला. "तोंडात काय धरलंत?"

जुबेदाचाची दातांवर दात ठेवूनच म्हणाली, "गोळी! माजा पोरगा तुज्या बोटीवर चढला की विरघळेल."

रघूनं सुरमईकडं पाहिलं, मग चाचीमागं उभ्या इक्बालकडं.

"चढ रे बाबा, आत्ताच चढ!"

पहिली बोली चाचीनंच लावली. तीही भाव पाडून!