ओट्याखालच्या दोन विटा

घर कसं लावावं हे दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. आम्ही भोरला फ्लॅट घेतला आणि अशा माणसांची माझ्या दारात जत्राच भरली. ज्यांना स्वतःच्या घरी चहाचं आधण ठेवता येत नाही, ते माझ्या ओट्यावर हात फिरवून सांगायचे, "इथं चिमणी पाहिजे." वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, पिवळे दिवे लावा, घर कसं उबदार वाटतं. अहो बाई, एप्रिलात आमच्या हॉलमध्ये पापड वाळतात, आणखी किती उबदार करू? फर्निचरवाल्यानं तर पहिल्याच दिवशी टेप काढून विचारलं, "मॅडम, तुमची थीम काय?" मी म्हटलं, "दोन वेळचं जेवण." तो हसला. मी काही हसायला सांगितलं नव्हतं.

या सगळ्यांत वरचढ आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या असतात पुण्याला, आणि पानशेतला धरणाच्या कडेला त्यांनी शनिवार-रविवारपुरतं घर बांधलंय. तिथं भिंतीला नांगर टांगलाय आणि जात्यावर गोल काच ठेवून त्याचं चहाचं टेबल केलंय. आलेल्या पाहुण्यांना त्या मोठ्या कौतुकानं सांगतात की हे आमच्या वाडीवरचं जातं. ह्याच वन्सं लग्नाआधी त्या जात्यावर दळायची पाळी आली की पोटात दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडायच्या, असं त्यांची आईच सांगते.

आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघरही त्यांनीच ठरवलं. मी नको नको म्हणत होते, पण नवरा म्हणाला, "ताईला कळतंय त्यातलं." काय कळतंय? उंटावरून शेळ्या हाकायचं कळतंय! काळ्या ग्रॅनाईटचा उंच ओटा, खाली सरकत्या ट्रॉल्या, वर काचेची शेगडी. हॉलमध्ये डायनिंग टेबल, ते इतकं मोठं की फ्रीजचं दार अर्धंच उघडतं. माझं माहेर सारोळ्याचं. माझी आई बाजरीची भाकरी ओट्याशी उभी राहूनच थापायची, मीही तशीच शिकले. त्यामुळं त्या उंच ओट्याचं मला एवढं काही वाटलं नाही. त्रास झाला तो सासूबाईंना.

त्यांना मी आत्याबाई म्हणते. वेल्ह्याकडं विंझरच्या पुढं डोंगराला टेकलेली एक वाडी आहे, तिथं त्या एकट्या राहायच्या. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात शेण काढता काढता त्यांना चक्कर आली आणि त्या तिथंच पडून राहिल्या. शेजारची बाई ताक मागायला आली म्हणून कळलं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी कुणी ताक मागायला येईलच असं नाही. पायांनाही सूज होती, फार वेळ उभं राहायला मनाई होती. म्हैस भावकीत देऊन आम्ही त्यांना भोरला घेऊन आलो.

आमचं दोघींचं कधीच गोड नव्हतं, उगाच खोटं कशाला लिहू. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या चुलीवर भाकरी केली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बरी हाय. म्हशीला चालंल." वेल्ह्याकडचा मुलूख भाताचा. तिकडं तांदळाची उकडीची भाकरी. उकळत्या पाण्यात पीठ कालवायचं, झाकून ठेवायचं, मग गरम गरमच मळून पातळ थापायची. ती मला येत नव्हती आणि त्यांच्याकडून शिकायची तर मुळीच नव्हती.

फ्लॅटवरच्या पहिल्याच सकाळी आत्याबाई परात घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागत होता. थापताना भाकरीवर अंगाचा भार यावा लागतो, तो कुठून येणार? कोपरं खांद्याच्या बरोबरीला. भाकरी कडेनं चिरली. दुसरी उचलताना मोडली. तिसरीला त्यांचे पाय थरथरायला लागले तशा त्या फरशीवर बसल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या जणू तो ओटा मीच रात्रीत उंच केला होता.

"उभ्यानं थापल्याली भाकरी म्हंजी निघून जायच्या घाईतल्या बाईची भाकरी," त्या म्हणाल्या.

"मग मी रोज निघून जाते असंच समजा," मी म्हटलं.

पण खरं सांगते, मी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. शेगडी खाली मांडते म्हटलं, तर गॅसवाला म्हणाला, शेगडी टाकीपेक्षा उंचच पाहिजे, खाली ठेवलीत तर मी जबाबदार नाही. त्याचं बरोबर होतं. मग बाल्कनीत चार विटांची चूल मांडली. धूर थेट वरच्या बाईंच्या पिवळ्या दिव्यांपर्यंत गेला आणि त्या नाकाला पदर लावून खाली आल्या. "सोसायटीत असलं चालत नाही हो." चुलीवर पाणी ओतलं. नवरा म्हणाला, "आई, तू कशाला करतेस? बस ना निवांत." जो येईल तो त्यांना हेच सांगायचा. बसा. जन्मभर राबलेल्या बाईला सोफ्याच्या कडेला नेऊन बसवलं आणि सगळ्यांना वाटलं आपण पुण्य केलं.

त्या बसल्या. जेवण अर्ध्यावर आलं. बोलण्यात "तुमचं" आलं. तुमचा नळ गळतोय. तुमच्या डब्यात मीठ न्हाई. एकदा मी चिडून म्हटलं, "तुमचं तुमचं काय लावलंय? घर तुमच्या लेकाचं आहे."

"जिथं मला भाकरी टाकता येत न्हाई तिथं मी पाव्हणी," त्या म्हणाल्या. "आन पाव्हण्यानं किती दिस ऱ्हायाचं असतं?"

वाडीला परत जायचं त्यांच्या मनात आहे हे मला तेव्हाच कळलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, होईल सवय. ह्या माणसाला तर लग्नापासून सगळ्यावर हा एकच काढा माहीत आहे.

वास्तुशांत राहिली होती, ती उरकून घेतली. जेवण बाहेरून मागवलं, तेही वन्संच्या सल्ल्यानं. वन्सं पुण्याच्या मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या आणि पानशेतचं घर दाखवावं तसं त्यांना माझं घर दाखवत होत्या. ट्रॉली ओढून दाखवली, ढकलून दाखवली. "आता आईला काही म्हणजे काही करावं लागत नाही," त्या म्हणाल्या. एका मैत्रिणीनं आत्याबाईंना विचारलं, "मग काय आजी, आवडलं ना किचन?"

आत्याबाई म्हणाल्या, "वटा उंच हाय."

वन्सं हसल्या. "नाचता येईना अंगण वाकडं! होईल गं सवय, आई."

मैत्रिणीही हसल्या. मला टाकून बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्धार करणारी ती बाई मान खाली घालून पदराचं टोक चोळत राहिली. मला ते बघवेना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "वन्सं, ज्यांच्या भाकऱ्या खाऊन तुम्ही एवढ्या वाढलात, त्यांना नाचता येत नाही होय?" नवऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला. वन्सं म्हणाल्या, वहिनींना दगदग झालीय. पुढची पंगत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई नेसून-सवरून दाराशी उभ्या. हातात पिशवी, पिशवीत गोळ्यांचा डबा.

"येते मी. सकाळची गाडी धरते. नसरापूरला उतरून वेल्ह्याची बघीन."

तो गोठा डोळ्यांपुढं आला, ओलं शेण आणि त्यात पडलेली ही. आणि मला त्या हव्याही होत्या, हे तिथं उभ्या उभ्या समजलं. गोड बोलून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणारी माणसं मला पुष्कळ आहेत. तोंडावर "म्हशीला चालंल" म्हणणारं माणूस हे एकच. पण आमच्या दोघींत असलं कधी बोललं जात नाही. तोंडातून रागच बाहेर आला.

"जावा. खुशाल जावा. पण उपाशी जाऊ नका, नाहीतर वाडीभर सांगाल सुनेनं उपाशी धाडलं. उकडीची भाकरी करते, खाऊन जावा."

"तुला कुठं येती?"

"नाही येत. बघवणार नसेल तर तोंड फिरवून बसा."

त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या, पिशवी मांडीवर तशीच. मी पाणी उकळलं, पीठ टाकलं. "झाकण टाक की! वाफ समदी गेली," खालून आवाज आला. मी परातीत उकड काढली आणि मळायला लागले, तर बोटं पोळली. "अगं पाणी लाव हाताला. भांडायला बरे चालत्यात हात!" मी परातच उचलली आणि त्यांच्यापुढं आदळली. "घ्या, करा तुमच्या तुम्ही!"

पिशवी मांडीवरून खाली आली. ट्रॉलीची मूठ त्यांच्या पाठीत टोचत होती, म्हणून मी ती अख्खी ट्रॉली ओढून उपसून काढली आणि बाल्कनीत टाकली. मग त्यांनी थापायला घेतलं. काय तो हात! बसल्या जागी सगळा भार मनगटातून उतरत होता आणि भाकरी परातीत आपली आपण फिरत होती. मी बघतच राहिले.

अडलं पुढंच. भाकरी खाली, तवा वर. त्यांनी ती तळहातावर घेऊन वर केली, मी माझ्या तळहातावर पालथी घेतली आणि तव्यावर पुन्हा पालथी टाकली. झालं! परातीकडची, सुक्या पिठाची बाजू वर यायला पाहिजे, म्हणजे तिच्यावर पाण्याचा हात फिरवता येतो. दोनदा पालथी झाल्यावर पिठाची बाजू गेली तव्याला. पीठ करपलं, घरभर धूर.

"पिठाची बाजू वर पायजे! पानी कशाला लावशील आता, तुझ्या डोस्क्याला?"

दुसरी माझ्या हातातच तुटली. तिसरी निम्मी ओट्यावर, निम्मी तव्यावर. त्या खालून बोलत होत्या, मी वरून बोलत होते, नवरा दारात येऊन तसाच माघारी गेला. शेवटी माझं डोकं फिरलं. बाल्कनीतल्या त्या विझवलेल्या चुलीच्या दोन विटा आणल्या, त्यांच्यापुढं फरशीवर ठेवल्या. सांडशीनं तापलेला तवा गॅसवरून उचलला आणि विटांवर आणून टेकवला.

"भाकरी वर येत नाही ना? मग तवा खाली आलाय. टाका!"

त्यांनी टाकली. पिठाची बाजू वर. पाण्याचा हात एकदा फिरला, चर्र झालं. मी तवा उचलून गॅसवर ठेवला, पाणी सुकल्यावर भाकरी उलटली, मग तवा बाजूला करून ती जाळावर धरली. खाली बसलेल्या माणसाला वरचं काही दिसत नाही.

"फुगली का?"

मी भाकरी जाळावर फिरवत राहिले.

"अगं फुगली का? बोल की, भवाने!"

"फुगली," मी म्हटलं. ती टम्म फुगली होती.

सकाळची गाडी निघून गेली. तिचं नाव कुणीच काढलं नाही. त्या जेवल्या, पोटभर जेवल्या, आणि ताट सारता सारता म्हणाल्या, "आनखी एक तवा आन. एक वर, एक खाली. किती येळ हात गुंडाळून बसायचं माणसानं?" नवऱ्यानं संध्याकाळी बाजारातून लोखंडी तवा आणला. ट्रॉली पुन्हा आत गेली नाही. तिच्यात आता कांदे असतात.

आमच्यात त्यानंतर काही गोडी आली असं समजू नका. उकडीची भाकरी मला अजून धड थापता येत नाही आणि माझी भाकरी अजून म्हशीलाच चालते. माझी उकड सैल असली की त्या परात माझ्याकडं सरकवतात आणि गप्प बसतात, ते तर शिवीपेक्षा वाईट. आमची भांडणं वरच्या बाईंना ऐकू जातात. जाऊ देत, धुराची तक्रार करता येते, आवाजाची करून बघा म्हणावं.

परवाच्या रविवारी पानशेतहून परतताना वाट वाकडी करून वन्सं न सांगता आल्या. आत्याबाई हॉलमध्ये सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. वन्सं पाणी प्यायला आत आल्या आणि ओट्याखालच्या त्या रिकाम्या खणाकडं बघून उभ्याच राहिल्या. पुढं दोन विटा. विटांना हळदकुंकू लावलेलं. ते आत्याबाई रोज आंघोळ झाली की लावतात, मी कधी विचारलं नाही.

"वहिनी, हे काय? विटा? अहो, टाइल्सची वाट लागेल!" असं म्हणत त्यांनी पायानंच एक वीट बाजूला सरकवली.

मी तोंड उघडायच्या आतच हॉलमधून आवाज आला. "पाय काढ. चूल हाय ती."

वन्सं हसत दारात गेल्या. "कुठंय चूल, आई? गॅस तर वर आहे."

आत्याबाईंनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठल्या, आत आल्या आणि खाली वाकून ती वीट जागेवर लावली.

"माझ्या घरात येऊन मलाच इचारती व्हय, चूल कुठंय म्हून?" त्या म्हणाल्या, आणि पाट ओढून बसल्या.

मी तवा तापत ठेवला.