पुसू न दिलेली पत्रिका

साऱ्या खानदेशात विश्वास ठेवावा असा एकही माणूस उरलेला नाही, अशी माझ्या थोरल्या वहिनीच्या मामांची ठाम खात्री होती, आणि या बाबतीत त्यांनी मलाही सूट दिली नव्हती. धुळ्यात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, पण दुपारी जेवायला जाताना कीबोर्ड काढून पिशवीत घालून घरी नेत. चहावाला आत आला की आधी पडद्यावर रुमाल टाकत. समोरच्या प्रेसवाल्याने त्याला फितवलाय असा त्यांचा संशय. नमुना वाचणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पत्रिकेचा कागद दुकानाबाहेर जात नसे. सख्ख्या मेहुण्याचीही सही घेतली, वर "नीट कर, बँकेत करतोस तशी" असं सुनावलं.

संशयाला कारण नव्हतं असं नाही. पत्रिकेत आत्याचं नाव काकूच्या खाली गेलं की रुसवेफुगवे, आणि काल 'चालेल' म्हणणारे आज साफ कानांवर हात ठेवणार. "माणूस बदली जास, भाऊ. कागद बदलत नही," म्हणत मामा जुनी पत्रिका तशीच ठेवत आणि बदललेली वेगळी साठवत. नव्या फाइलला नाव द्यायचं ते ज्याच्यामुळे बदल करावा लागला त्याचं. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरात कित्येक आत्या, आतोबा, व्याही आणि दोन सरपंच ठाण मांडून बसले होते.

अखेर ऐन लग्नसराईत हार्ड डिस्क भरली. नवी पत्रिका साठवता येईना. जागा कोणीतरी चोरतंय, असा मामांनी निकाल दिला. मी जळगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून मला बोलावून घेतलं, आणि माझी बोटं दिसावीत अशी खुर्ची लावून बसले. जुन्या पत्रिका पुसल्या तर जागा होईल, हे पटवता पटवता माझा चहा गार झाला. एकेक फाइल ते जड मनाने सोडत होते. साक्रीच्या एका लग्नाशी मात्र अडले. तिथे दोन फाइली होत्या, एक नवरीच्या नावाची आणि दुसरी 'देव'.

"हा देव कोण?" मी विचारलं.

"मुलीचा बाप पहिली पत्रिका पास करून गेला आणि आठवड्यात वारला. मग त्याच्या नावाआधी कै. लावावं लागलं. कोणामुळे बदललं, तूच सांग."

मी माउसचा बाण पहिल्या फाइलवर नेला. मग म्हणालो, "पहिली तरी पुसू. झालेल्या लग्नाची पत्रिका कोण मागतं?"

"तुले काय माहीत?" त्यांनी माझ्या हातातला माउस काढून घेतला आणि जागेसाठी स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका पुसून टाकली.

पुढच्या खेपेला मी दुकानात असतानाच ती साक्रीची मुलगी आली. माहेरी आली होती.

"काका, मना आप्पानं नाव साधं, बिना कै.नं व्हतं, ते पहिलं कार्ड शे का?"

मामांनी सवयीने डोळे बारीक केले. "कशाला पाहिजे?"

"त्यामा आप्पा आजून जित्ता शेतस ना."

मामांनी पत्रिका छापून दिली. निमंत्रक म्हणून छापलेल्या वडिलांच्या नावावरून बोट फिरवत ती पायऱ्या उतरून गेली.

"मामा, सही राहिली," मी हळूच म्हणालो.

"राहू दे," म्हणत ते पडद्यावरचा रुमाल उगाच नीट करत बसले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. इतक्या मायेने माझ्यावर संशय घेणारं पुन्हा कोणी भेटलं नाही.